बायको अजून पुण्यात, मी अमेरिकन सिटिझन: रिटर्न जॉइंट भरू की वेगळं?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. डिसेंबर २०२५ मध्ये कोल्हापूरला लग्न झालं. मी न्यू जर्सीत, सिटिझन आहे, बायको भारतीय पासपोर्टवर, पुण्यात आयटीत नोकरी करते, आय-१३० (तिला इथे आणायचा अर्ज) टाकलंय पण व्हिसाला वेळ लागणार असं दिसतंय. ऑफिसातला एक जण म्हणतो ती इथे नाहीच तर सिंगल भरून टाक. दुसरा म्हणतो जॉइंट भर, डिडक्शन दुप्पट मिळतं. सॉफ्टवेअरमध्ये मॅरिड टाकलं की तिचा सोशल सिक्युरिटी नंबर मागतं आणि गाडी तिथेच अडते. तिचा पगार वर्षाला बारा लाखांच्या आसपास, पीपीएफ आहे आणि नोकरी लागल्यापासून म्युच्युअल फंडाच्या एसआयपी चालू आहेत. १५ एप्रिल तोंडावर आलीय, काय करू?

जर्सीची ताई:
सिंगल अजिबात भरू नका. ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर आयआरएसच्या (इथल्या आयकर खात्याच्या) लेखी तुम्ही अख्खं वर्ष मॅरिड, मग लग्न डिसेंबरात झालेलं असो की बायको पुण्यात असो. तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत, मॅरिड फायलिंग सेपरेटली (लग्न झालेलं, पण रिटर्न वेगळं), नाहीतर तिला इथली रेसिडेंट धरायचं इलेक्शन (लेखी निवड) करून जॉइंट. सेपरेट भरताना तिच्याकडे नंबर नसला तर त्या जागी एनआरए (नॉन-रेसिडेंट एलियन) लिहायचं, तिच्यासाठी नंबर काढायची गरज नाही. सॉफ्टवेअर ऐकतच नसेल तर प्रिंट काढून सही करून पोस्टाने पाठवा, तेही चालतं.

टेक्सासवाला:
आकड्यांत बघितलं तर जॉइंट फायद्याचं दिसतं. २०२५ ला सेपरेटचं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी वजावट) १५,७५० डॉलर, जॉइंटचं ३१,५००. वहिनींचे बारा लाख म्हणजे चौदा हजार डॉलरच्या आसपास, ते वाढीव डिडक्शनमध्येच जिरतात आणि वर तुमच्या पगाराला रुंद स्लॅब मिळतात. पण इलेक्शनच्या पत्रावर दोघांच्या सह्या लागतात, आणि आयटीआयएनसाठी (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा टॅक्स नंबर) डब्ल्यू-७ हा अर्ज रिटर्नला जोडून सगळं कागदावर आयआरएसच्या ऑस्टिन ऑफिसला पाठवावं लागतं. ओरिजिनल पासपोर्ट पोस्टात टाकू नका हो, व्हिसाचा इंटरव्ह्यू कधी लागेल सांगता येत नाही. आयआरएसने नेमलेले सर्टिफाइंग ॲक्सेप्टन्स एजंट असतात, ते पासपोर्ट बघून तिथल्या तिथे परत देतात.

जर्सीची ताई:
टेक्सासवाला, हिशोब बरोबर आहे पण निम्माच आहे. जॉइंट भरलं की तिचं जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं आणि तेही १ जानेवारीपासूनचं, म्हणजे लग्नाआधीचे महिनेसुद्धा आले. पीपीएफचं व्याज भारतात माफ आहे, इथे नाही. आणि खरी मेख एसआयपीत आहे. भारतातले म्युच्युअल फंड इथे पीफिक (कराचे वेगळे, कडक नियम असलेली परदेशी गुंतवणूक कंपनी) धरतात. जॉइंटमध्ये वर्षअखेर सगळ्यांची मिळून किंमत ५०,००० डॉलरच्या आत असेल आणि काही विकलं नसेल तर सहसा पीफिकचा फॉर्म ८६२१ लागत नाही, पण नफ्यात विकलं की तो नफा वर्षांवर वाटतात, मागच्या ज्या वर्षांत ती इथली रेसिडेंट धरली गेली त्यांच्या वाट्याला सगळ्यात वरचा दर लावतात आणि वर व्याज घेतात. म्हणून एडिसनकर, सही करायच्या आधी तिचं वर्षभराचं फंडाचं स्टेटमेंट मागवाच, २०२५ मध्ये काही रिडीम केलंय का ते ओळ न् ओळ बघा.

माझं स्पष्ट मत, यंदा सेपरेट भरून मोकळे व्हा. सेपरेटचं जॉइंट करायला मूळ मुदतीपासून तीन वर्षं मिळतात, १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्नचा फॉर्म) भरायचा. उलटं होत नाही, मुदत टळल्यावर जॉइंटचं सेपरेट करता येत नाही. ती आली, तिला सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला की शांतपणे दोन्ही हिशोब मांडा, तेव्हा डब्ल्यू-७ ची भानगडही राहणार नाही. आणि एसआयपी मोडायच्या असतील तर ती इथे येते त्याच्या आदल्या वर्षीच मोडायला सांगा, कारण येण्याच्या वर्षी जॉइंट भरलं तर ते अख्खं वर्ष हिशोबात येतं.

एडिसनकर:
ताई, खूप आभार. फंडाचं हे कुणीच सांगितलं नव्हतं, तिने गाडी घ्यायला मे महिन्यात काही युनिट विकलेत असं आत्ताच फोनवर कळलं. म्हणजे सेपरेटच. अजून एक, लग्नात आलेले आहेराचे पैसे आम्ही तिथे जॉइंट खात्यात ठेवलेत, नऊ लाखांच्या वर आहेत. सेपरेट भरलं तर ते दाखवायची गरज नाही ना?

जर्सीची ताई:
आहे. खात्यावर तुमचं नाव आहे म्हणजे एफबार (परदेशातल्या खात्यांची माहिती द्यायचा फॉर्म) तुम्हाला लागू, फायलिंग स्टेटस काहीही असो. भारतातली तुमचं नाव असलेली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील तर भरायचा, आणि जॉइंट खात्याची पूर्ण रक्कम धरायची, निम्मी नाही. नऊ लाख म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात, जुनं एखादं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं तिथलं) खातं असेल तर तेही मिळवा. बँकेकडून स्टेटमेंट घेऊन वर्षातला सगळ्यात मोठा आकडा शोधा आणि त्याला ट्रेझरीचा (इथल्या अर्थखात्याचा) ३१ डिसेंबरचा डॉलरचा दर लावा. एफबार रिटर्नसोबत जात नाही, ट्रेझरीच्याच फिनसेन या विभागाच्या साइटवर वेगळा भरायचा, फी नाही, १५ एप्रिल चुकली तर १५ ऑक्टोबरपर्यंत आपोआप मुदत मिळते. खात्यावरच्या व्याजातला तुमचा वाटा मात्र रिटर्नमध्ये टाका.