अर्धांगवायूनंतर बाबा उगाच रडतात

प्रश्न: बाबा ६४ वर्षांचे, जन्म यंत्रमागावर गेला. मार्चमध्ये डावी बाजू गेली. हात आता थोडा उचलतो, पण भाकरी-शेंगाचटणी खातानाही हुंदका फुटतो, मिनिटात थांबतो. विचारलं तर म्हणतात, "दुःख काही नाही रे." काय समजायचं?

उत्तर: मेंदूला इजा झाल्यावर भावनांचा लगाम सुटतो. कधी हसूही असंच येतं. औषध मिळतं. "रडू नका" म्हणू नका, विषय बदला.

उत्तर: नैराश्य वेगळं बरं का, तेही साधारण तिघांतल्या एकाला येतं. आमची आई रडली नाहीच. गड्ड्याच्या जत्रेला चल म्हटलं की भिंतीकडे तोंड. झोप, भूक बघा.

प्रश्नकर्ता: झोप, भूक दोन्ही ठीक. काल मागाचा खडखडाट ऐकून हसत सुटले, चहा सांडला! सोमवारी दाखवतो.