बालवाडीत रोज काय खेळायला द्यावे? सल्ला हवा आहे

गुलबक्षी

नमस्कार. गेल्या जूनपासून सांगलीत घराच्या तळमजल्यावर मी लहानशी बालवाडी चालवते. अडीच ते साडेचार वर्षांची अठरा मुले आहेत, मदतीला एक मावशी आहेत आणि सकाळी नऊ ते बारा अशी वेळ आहे. खोली फार मोठी नाही, पण पुढे अंगण आहे, अंगणात नळ आहे आणि पारिजातकाचे एक झाड आहे.

वर्षभर रोज एक नवी कृती द्यायची असे मी उत्साहाने ठरवले होते. भेंडीचे ठसे, दोऱ्याचे चित्र, कापसाचा ससा, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर असे करत करत दिवाळीपर्यंत आले आणि माझी शिदोरी संपली. त्याहून मोठी अडचण अशी की या बहुतेक कृती मीच करत होते. मागच्या आठवड्यात मावशी आणि मी रात्री साडेदहापर्यंत बसून घोटीव कागदाची अठरा फुलपाखरे कापली. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्यांना डिंक लावला, दहा मिनिटांत काम संपले आणि भिंतीवर अठरा सारखी फुलपाखरे लागली. त्याच दिवशी एक साडेतीन वर्षांचा मुलगा मात्र फुलपाखरे कापून उरलेल्या कातरणांच्या ढिगात जाऊन बसला आणि पाऊण तास एकेक कातरण उचलून, डोळ्यासमोर धरून, फरशीवर ओळीने मांडत राहिला. त्याला उठवून डिंक लावायला बसवताना मला स्वतःचीच लाज वाटली.

साहित्यासाठी महिन्याला साधारण हजार रुपये खर्च करता येतात. या वयाच्या मुलांना रोज काय द्यावे, कोणत्या क्रमाने द्यावे आणि किती वेळ द्यावे, याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

चिंचोका

गुलबक्षीताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या कातरणांच्या ढिगातच आहे. मी पुण्यात एका बालवाडीत बावीस वर्षे शिकवले आणि पहिली चार वर्षे आपल्यासारखीच रोज नवी कृती शोधण्यात घालवली. माझा पहिला सल्ला असा की नवी कृती शोधणे थांबवावे. मोठ्यांना त्याच त्या गोष्टीचा कंटाळा येतो, मुलांना येत नाही. तीन वर्षांच्या मुलाला सलग महिनाभर पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायला दिले, तरी ते रोज काहीतरी निराळे करत असते. आपल्याला ते दिसत नाही, कारण आपले लक्ष भिंतीवर काय लागणार याकडे असते.

खोलीत आणि अंगणात मिळून चार जागा कायमच्या ठरवाव्यात. पाणी, माती, भातुकली आणि ठोकळे. या चार जागा वर्षभर हलवायच्या नाहीत, फक्त आठवड्याला एखादी वस्तू बदलायची. पाण्याच्या टबात एका आठवड्यात पेले आणि गाळणी, दुसऱ्या आठवड्यात नरसाळे आणि प्लास्टिकची बाटली, तिसऱ्यात स्पंजाचे तुकडे. स्पंज पिळताना बोटांना जो जोर लागतो तोच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतो. टबात चार बोटे पाणी पुरते आणि टबाजवळ मोठे माणूस सतत हवे, कारण इतक्या पाण्यातही लहान मूल तोंडावर पडून बुडू शकते. खेळ संपला की टब रिकामा करायचा, मग कितीही घाई असो.

मातीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिच्याइतके स्वस्त आणि तिच्याइतके खोल साहित्य मला दुसरे मिळाले नाही. कुंभाराकडून मळलेली माती आणावी किंवा गणपतीच्या सुमारास शाडूची माती घेऊन ठेवावी. अठरा मुलांना दहा-बारा किलो पुष्कळ होते, कारण सगळी मुले एका वेळी मातीला बसवायचीच नसतात. झाकणाच्या बादलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवली तर माती महिनोन्‌महिने मऊ राहते, आणि वाळलीच तर फोडून, रात्रभर भिजवून पुन्हा मळता येते.

पहिले पंधरा दिवस मुलांपुढे फक्त गोळा ठेवावा. लाटणे, साचे, सुरी, काही देऊ नये आणि आपण स्वतः गणपती किंवा बैल करून दाखवू नये. आपण एकदा बैल केला की अठराही मुलांना आपल्याला बैल येत नाही एवढेच शिकायला मिळते. सुरुवातीला मुले मातीत बोट खुपसतील, चापट्या मारतील, गोळ्याचे बारीक तुकडे करतील. मग कधीतरी कोणी तळहातावर वळी वळेल आणि तिला साप म्हणेल. आधी वळी होते आणि साप नंतर सुचतो, हा क्रम ध्यानात घ्यावा. ‘हे काय केलेस?’ असे विचारले की मुलाला काहीतरी नाव सांगणे भाग पडते. त्यापेक्षा ‘केवढी लांब झाली ही!’ असे म्हणून शेजारी बसावे. माझ्या वर्गात एका मुलीने तीन आठवडे फक्त चपटे गोल केले. चौथ्या आठवड्यात तिने ते एकावर एक रचले, सगळ्यात वर अंगठ्याने खळगा केला आणि त्यात पाणी ओतून ते खाली झिरपते का ते बघत बसली.

हे पुराण पुरे करते. वेळेविषयी इतकेच सांगेन की मोकळ्या खेळाला सलग एक तास द्यावा. वीस-वीस मिनिटांचे तुकडे करू नयेत. पहिली पंधरा मिनिटे मुले नुसती हिंडतात, मग कुठेतरी स्थिरावतात, आणि नेमकी तेव्हाच आपण टाळी वाजवतो.

रानजाई

चिंचोका यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण रंगांना त्यांनी जागा दिली नाही म्हणून लिहिते. बोटांनी रंगवण्यासाठी दुकानातले रंग घ्यायची गरज नाही. अर्धी वाटी मैदा दोन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मंद आचेवर खळ शिजवावी, गार झाली की त्यात खाण्याचा रंग घालावा. ही खळ फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, वास येऊ लागला की टाकून द्यावी. चित्राच्या वहीपेक्षा जुन्या कॅलेंडरची मागची बाजू किंवा छापखान्यात उरलेल्या कागदाचे मोठे तुकडे बरे. कागद लहान असला की मुलाचा हात मनगटापाशीच अडतो. या वयात चित्र खांद्यापासून काढले जाते, म्हणून कागद भिंतीला चिकटवून उभ्याने रंगवायला दिले तर मुले फार रमतात.

एक गंमत जरूर करून बघावी. हळद पाण्यात कालवून मुलांना पांढऱ्या कागदावर हवी तशी फासू द्यावी, कागद वाळू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी खाण्याच्या सोड्याचे पाणी ब्रशने त्यावर लावायला द्यावे. पिवळ्यावर तांबूस रेघा उमटतात. चुन्याने हा रंग अधिक लाल होतो, पण चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून तो मुलांच्या जवळपासही नको. हळदीचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत, त्यामुळे वडिलांचे जुने शर्ट उलटे, म्हणजे बटणे पाठीवर येतील असे, घालावेत. बाह्या कापून टाकल्या की उत्तम अंगरखा होतो.

दिवाळी नुकतीच झाली आहे, तर अंगणातला किल्ला मोडू नका. आमच्या इमारतीत मोठी मुले किल्ला करतात आणि धाकटी बिचारी लांबून बघतात, कारण त्यांनी हात लावला की बुरूज पडतो. आपल्या अंगणात एक कोपरा असा ठेवावा की जिथला किल्ला रोज पडला तरी चालेल. त्यावर हळीव किंवा मोहरी पेरली तर दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि मुले सकाळी दप्तर टाकून आधी तिकडे धावतात.

कवडीदमडी

सर्व सूचना उत्तम आहेत, पण कडधान्यांबद्दल कोणी लिहिण्याआधीच सावध करतो. धान्य निवडणे, बियांची रांगोळी, मणी ओवणे हे बालवाडीत सर्रास चालते. माझ्या पुतणीने तीन वर्षांची असताना अशाच एका खेळात नाकात हरभरा घातला आणि कोणाला सांगितले नाही. ओलाव्याने तो दाणा आतच फुगला. संध्याकाळी नाकातून पाणी वाहू लागले तेव्हा घरच्यांना वाटले की सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो काढला. दाणा श्वासनलिकेत गेला असता तर एवढ्यावर भागले नसते.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान भाग तपासायची जी नळी वापरतात, तिचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो. त्या नळीत पूर्ण मावेल अशी वस्तू त्या वयाच्या मुलाच्या हाती देऊ नये. आपल्याकडे अडीच वर्षांची मुलेही आहेत, म्हणून चिंचोके, गुंजा, शेंगदाणे, मणी, थर्माकोलचे गोळे हे सगळे बाद समजावे. गुंज तर विषारीच असते. बियांऐवजी नारळाच्या करवंट्या, मक्याची बुरकुंडे, लाकडी चमचे, मोठे शंख आणि नदीतले मुठीएवढे गोटे द्यावेत.

गुलबक्षी

सर्वांचे आभार. कालपासून पाण्याचा टब सुरू केला आहे. दोन मुलींचे फ्रॉक भिजले आणि एकीच्या आईने दारातच विचारले, “आज लिहून काय घेतले?” हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा ऐकावा लागतो. शेजारच्या गल्लीतल्या वर्गात छोट्या गटाची मुले शंभरपर्यंत अंक लिहितात, असेही सांगितले जाते. या पालकांना काय सांगावे?

ओसरी

सांगण्यापेक्षा दाखवावे, असे माझे मत आहे. महिन्यातून एका शनिवारी चार-चार पालकांना तासभर बसायला बोलवा आणि त्यांच्याही पुढे मातीचा गोळा ठेवा. पहिली पाच मिनिटे ते संकोचतात, मग त्यांना उठवावे लागते.

पालकांना आधार हवाच असेल तर तोही आहे. २०२२ साली केंद्राने पायाभूत स्तराचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिकणे खेळातून व्हावे असेच म्हटले आहे, आणि पुढच्या वर्षी ‘जादुई पिटारा’ या नावाने खेळणी, कोडी, बाहुल्या यांचा संच आला. पण महाराष्ट्राला हे दिल्लीहून शिकायची गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडला जे काम केले, त्यात महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, पाने, बिया, दगड असे परिसरातलेच साहित्य वापरले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी उभी राहिली. सांगलीतल्या पालकांनी ‘अंगणवाडी’ हा शब्द हजारदा उच्चारला असेल. तो कुठून आला हे त्यांना सांगितले तर ते ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे.

एक युक्तीही सुचवते. बुधवारी मेथीची एक जुडी आणा आणि मुलांना निवडायला बसवा. चिमटीत देठ धरून पान खुडणे हा बोटांचा जो व्यायाम आहे तो रेघोट्या गिरवण्याच्या कोणत्याही वहीत नाही. निवडलेली मेथी थोडी थोडी कागदात बांधून घरी पाठवा. भाजी निवडून आणलेल्या मुलाला कोणतीही आई ‘आज काय केलेस?’ असे विचारत नाही. हिवाळ्यात मटारच्या शेंगा सोलायला देता येतील, पण वरचा प्रतिसाद वाचल्यावर मी त्या फक्त चार वर्षांपुढच्या मुलांना आणि समोर बसूनच देईन.

फक्त_पालक

दुसरी बाजू मांडतो. माझी मुलगी अशाच खेळाच्या बालवाडीत जात होती आणि आता तिसरीत आहे, तिचे काही बिघडले नाही. पण त्या वेळी आम्ही वैतागलो होतो हे खरे, आणि त्याला कारण खेळ नव्हता. रोज केसांत चिकट माती घेऊन मूल घरी येते, आपण कामावरून येऊन ते धुतो आणि दिवसभर तिने काय केले हे कोणी एका ओळीनेही सांगत नाही, याचा तो वैताग होता. ‘आज हिने बाटलीत पाणी भरायला नरसाळे लागते हे स्वतः शोधले’ असे वाक्य वहीत लिहून आले असते, तर आम्ही ते नातेवाइकांना वाचून दाखवले असते. अठरा मुलांचे रोज लिहिणे जमणार नाही हे मान्य आहे, पण रोज तिघांचे लिहिले तर आठवड्याभरात सर्वांची पाळी येते. कपड्यांचा एक जादा जोड पिशवीत ठेवा, असेही प्रवेशाच्या वेळीच सांगावे, नंतर नको.

गुलबक्षी

रोज तिघांचे लिहिण्याची कल्पना सोमवारपासून सुरू करते. कुंभारवाड्यात दहा किलो मातीही सांगून आले आहे. चिंचोकाताई, एकच शंका. अंगणातल्या नळाखाली लहान बेसिन आहे, मुलांनी मातीचे हात तिथे धुतले तर चालेल ना?

चिंचोका

मुळीच नको, महिन्याभरात पाइप तुंबेल आणि हजारांतले अर्धे पैसे प्लंबरला जातील. दोन बादल्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, पहिलीत हात खळबळून दुसरीत स्वच्छ करावेत. दुपारपर्यंत पहिलीत गाळ खाली बसतो. वरचे पाणी पारिजातकाला घालावे आणि गाळ गोणपाटावर पसरून, जरा सुकला की परत मातीच्या बादलीत टाकावा. हे काम मावशींना सांगू नका. आठवडाभर दाखवले की चार वर्षांची मुले ते आपण होऊन करतात, आणि कोण करणार यावरून त्यांच्यात भांडणे होतात.