कीबोर्ड-माऊस बदलल्यानंतर येणारे त्रुटीसंदेश

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या झेरॉक्सच्या दुकानात गोल पिनांचे जुने कीबोर्ड-माऊस काढून काल यूएसबीचे बसवले. तेव्हापासून संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर ‘कीबोर्ड नॉट फाउंड’ असे येते आणि विंडोजमध्ये माऊसपुढे ‘कोड ४३’ दिसतो. परीक्षेच्या अर्जांचे दिवस असल्याने मी फार काळजीत आहे. काय करावे?

उत्तर १ : दोन्ही संदेशांची कारणे बहुधा वेगळी आहेत. पहिल्यासाठी बायोसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, संगणकाच्या मूळ सेटिंगच्या प्रणालीतील) ‘यूएसबी लेगसी सपोर्ट’ हा पर्याय तपासावा. तो बंद असल्यास विंडोज सुरू होण्यापूर्वी नवा कीबोर्ड ओळखला जात नाही. बायोसमध्ये जाण्यासाठी जुना कीबोर्ड जांभळ्या खाचेत जोडावा, मात्र संगणक पूर्ण बंद करूनच, कारण चालू स्थितीत ही पिन घातल्यास मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरील) पोर्ट, म्हणजे जोडणीची खाच, जळू शकतो.

उत्तर २ : ‘कोड ४३’ म्हणजे उपकरणाने बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. माऊस हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या उपकरणाला) जोडला असल्यास त्याऐवजी थेट संगणकाच्या मागील पोर्टला जोडून पाहावा. दुसऱ्या संगणकावरही तो चालला नाही, तर दुकानदाराकडून बदलून घ्यावा.

प्रश्नकर्ता : लेगसी सपोर्ट खरोखरच बंद होता, तो चालू करताच पहिला संदेश गेला. माऊस मागे जोडल्यावर व्यवस्थित चालतो आहे. दोघांचेही मनापासून आभार.