मार्व्हलच्या पिक्चरमधून ख्रिस्ती समर्पण शिकवावं का?

कुंडलिकाकाठ (जालना)
परवा चर्चच्या तरुण संघात 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'चा (२०१९) शेवट दाखवला. त्यातला हिरो टोनी स्टार्क (आयर्न मॅन) जादुई मण्यांच्या जोरावर चुटकी वाजवतो, जग वाचतं, तो मरतो. लगेच बायबलमधलं योहान १५:१३ वाचलं, मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही ते. एरवी शास्त्रपाठाला जांभया देणारी पोरं टक लावून बसली होती. पण एक वडीलधारे तरातरा उठून गेले, "चर्चमध्ये टॉकीज काढली का?" म्हणत. माझं काय चुकलं?

रिटायर_मास्तर
जय ख्रिस्त. ते उठून गेले हे नाही पटलं, पण त्यांचा मुद्दा पटला. चुटकी वाजवण्याआधी टोनी काय म्हणतो? "मी आयर्न मॅन आहे." मरतानाही 'मी'च! क्रूसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशू म्हणतो, माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे. बलिदान दोन्हीकडं आहे, समर्पण एकाच ठिकाणी. जीव तर हिंदी पिक्चरमधला हिरोचा दोस्त पण देतो, इंटरव्हलच्या आधी.

कुंडलिकाकाठ
मास्तर, सुरुवातीला टोनी नाहीच म्हणतो की. तळ्याकाठी घर, लहान पोरगी, सगळं सोडायचं जिवावर येतं त्याच्या. हा दुःखाचा प्याला टळावा असं प्रभूलाही वाटलंच होतं ना?

रिटायर_मास्तर
वाटलं. पण कुणाला सांगितलं? बापाला. टोनी कुणाशी बोलतो?

पैठणची_लेक
मी वारकरी घरातली, मधेच बोलते, राग नका मानू. आमच्या नाथांनी काम-क्रोधाचा विंचू करून भारूड रचलं. जोशी, गोंधळी, जे लोक रोज दारात बघायचे त्यांचीच सोंगं घेतली. तुमच्यातल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडलं का? लोक जिथं रमतात तिथूनच सुरुवात करावी लागते. आज पोरं मोबाईलमध्ये रमायलेत.

रिटायर_मास्तर
ताई, नाथांनी विंचू रचतानाच अर्थ आत ठेवला. टिळकांनीही. इथं पिक्चर त्यांचा, अर्थ आपण वरून चिकटवायलोत. उद्या कुणी त्याच चुटकीतून शेअर बाजार शिकवंल.

नांदेडी_वाचक
मग अर्थ आत ठेवलेलं घ्या. हॅरी पॉटरच्या शेवटच्या पुस्तकात त्याच्या आईबापाच्या थडग्यावर चक्क १ करिंथ १५:२६ कोरलंय, शेवटचा शत्रू मृत्यू. पुढं पोरगं जंगलात मरणासमोर जातं तेव्हा जादूची छडी झग्यात ठेवून देतं. लढतच नाही.

रिटायर_मास्तर
छडी ठेवून देतो? हे माहीत नव्हतं. मग हा टोनीपेक्षा बराच जवळचा. हत्यार खाली ठेवणं म्हणजे समर्पण, हे मी वर्गात सुद्धा सांगीन. पण जादूटोण्याचं पुस्तक घेऊन चर्चमध्ये जाऊ नका, या खेपेला ते उठून जाणार नाहीत, तुम्हालाच उठवतील 😄

कुंडलिकाकाठ
😄 एक सांगायचं राहिलं. क्लिप संपल्यावर आठवीतल्या एकानं विचारलं, "सर, हा पण येशूसारखा तिसऱ्या दिवशी उठतो का?" मी नाही म्हणालो. बाजूचा लगेच बोलला, "उठायलाय की! पुढच्या पिक्चरमध्ये तोच नट आहे, पण व्हिलन म्हणून."
सगळा संघ हसला. वचन तिथंच राहिलं, पुढं अर्धा तास व्हिलनवर चर्चा.

रिटायर_मास्तर
हे आधी सांगायचं ना हो!