तीन-चार सेन्सरचे कोड एकदम आलेत, गॅरेजवाला म्हणतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला (इंदूर)

मृणाल_राजेंद्रनगर
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. पेट्रोल हॅचबॅक आहे, जुनी झालीये पण आत्तापर्यंत काही त्रास नव्हता. हल्ली काय होतं, सिग्नलवरून गाडी उचलताना किंवा स्पीडब्रेकरवर दणका बसला की पिकअप एकदम मरतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, मग अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा गाडी आपली सरपटतच चालणार. त्यात एसीही गार हवा द्यायचं बंद करतो. चावी बंद करून परत लावली की कधी सुरळीत, कधी नाही. परवा भंवरकुआंच्या चौकात ऐन मधोमध झालं हे, मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं.

गॅरेजात स्कॅन केलं तर पी०६४२, पी०१२२, पी०१०७ आणि पी०५३२ असे चार कोड निघाले. त्याने आधी मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) नवा टाकला, काही फरक नाही. आता म्हणतो "मॅडम, ईसीयू गया समझो". आकडा ऐकून मला घामच फुटला. घरी ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर आहे आणि बाबांचा डिजिटल मल्टीमीटर आहे, थोडंफार मीटर लावता येतं. ईसीयू खरंच गेलाय की नाही हे पैसे घालायच्या आधी घरच्या घरी बघता येईल का?

पळासियाचा_पक्या
थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घ्या आधी. पी०१२२ म्हणजे थ्रॉटलचाच कोड आहे, माझ्या गाडीला असंच व्हायचं, काजळी साचते आत. छोटी ग्वालटोलीत कुणीही करून देईल.

वायरिंगवाले_काका
पक्या, काजळीने आयडल (गाडी उभी असतानाचं इंजिनचं फिरणं) हलेल, गाडी गचके देईल, पण त्याने पी०६४२ येत नाही रे. मृणालताई, तुमचे कोड जरा क्रम लावून वाचा. पी०६४२ म्हणजे ईसीयू सेन्सरांना जो ५ व्होल्टचा रेफरन्स, म्हणजे मोजायला ठराविक व्होल्टेज, पुरवतो तोच खाली आलाय. बाकी तिघं त्याच्या मागोमाग आलेत, ०१२२ थ्रॉटल पोझिशन, ०१०७ मॅप, ०५३२ एसीच्या गॅसचं प्रेशर, आणि बघा, तिन्ही "लो"चेच, म्हणजे व्होल्टेज कमी आल्याचेच कोड आहेत. तीन वेगवेगळे सेन्सर एकाच दिवशी एकाच प्रकारे मरतील हे मला तरी पटत नाही. तिघांनाही एकाच वायरीतून ५ व्होल्ट जातात. सोसायटीत खालच्या मजल्यावरचा नळ कुणी उघडा टाकला की वरच्यांकडे धार येत नाही, तसं झालंय. वरच्यांचे नळ बदलून काय उपयोग? म्हणून मॅप सेन्सर नवा टाकूनही फरक पडला नाही.

गाडी सरपटते का तेही सांगतो. थ्रॉटलचं रीडिंग भरवशाचं राहिलं नाही की ईसीयू थ्रॉटलच्या मोटरचा करंट काढून घेतो, पाकळी स्प्रिंगवर जराशी उघडी राहते, तेवढ्या हवेवर गाडी कडेला नेता येते. आणि एसीचं म्हणाल तर प्रेशर लो दिसतंय म्हणजे गॅस नाही असं समजून तो कॉम्प्रेसर लावतच नाही. एसीत गॅस भरायला जाऊ नका हां कुणी सांगितलं तरी.

आता तपासणी. चावी ऑन, इंजिन बंद. मॅप सेन्सरचं कनेक्टर काढा, मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन कनेक्टरच्या रेफरन्सच्या टोकाला. ५ च्या अगदी जवळ यायला पाहिजे, ४.९ ते ५.१ धरा. मग काळी पिन उचलून त्याच कनेक्टरच्या ग्राउंडच्या टोकाला लावून परत बघा, आकडा तोच आला पाहिजे, नाहीतर ग्राउंडमध्ये गडबड. रेफरन्स एक-दीड व्होल्टवर पडलेला दिसला तर कनेक्टर तसंच काढलेलं ठेवून थ्रॉटल बॉडीचं काढा, मग एसी प्रेशर सेन्सरचं, एकेक करत, मीटरवरून नजर न हलवता. ज्याचं काढल्यावर ५ व्होल्ट उसळून परत येतील तो सेन्सर आतून शॉर्ट. सगळे काढूनही आले नाहीत तर राहिले दोघंच, वायर नाहीतर ईसीयू, आणि माझा अनुभव विचाराल तर आधी वायरच निघते. बहुतेक ईसीयूत शॉर्टपासून बचाव असतो, शॉर्ट सुटला की व्होल्टेज आपोआप परत येतं, त्यामुळे तो एवढ्याने मरत नाही.

दोन गोष्टी अजिबात करू नका. बल्बवाला टेस्ट लॅम्प या वायरींना लावू नका, तो फार करंट ओढतो. आणि वायरीत टाचणी भोसकू नका, पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरतं आणि आत तांब्यावर हिरवा गंज धरतो, वर्षभराने दुसराच फॉल्ट उभा. बारीक पिन कनेक्टरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने आत सरकवायची.

राऊकर
काकांनी सगळं सांगितलंच आहे, माझं एवढंच की स्कॅनरच्या आकड्यांवर पूर्ण विसंबू नका, फॉल्ट आला की पुष्कळ गाड्यांचा ईसीयू मनाने ठरवलेला आकडा दाखवत बसतो, मीटर खरा. सेन्सर ठीक असेल तेव्हा चावी ऑन इंजिन बंद असताना मॅपने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा, आपलं इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे म्हणून ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास दिसेल, १०१ दिसत नाही म्हणून घाबरू नका, तो समुद्रकाठचा आकडा.

आणि स्पीडब्रेकरवर आणि गाडी उचलतानाच होतं म्हणताय म्हणजे इंजिन त्याच्या माउंटवर (रबरी पायांवर) हलतं तेव्हा काहीतरी कुठेतरी टेकतंय. मागे काही काम केलंय का गाडीत? बॅटरी, क्लच, बंपर, काहीही? उंदरांचंही बघा, आमच्याकडे पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामच असतो त्यांचा.

मृणाल_राजेंद्रनगर
काका, राऊकर, खूप आभार. आज बाबांना मीटर बघायला बसवलं आणि केलं सगळं. रेफरन्स ०.७ व्होल्ट आला! बॅटरी ठीक आहे, १२.५. एकेक करून तिन्ही कनेक्टर काढले, ०.७ जागचा हलला नाही. पण एसीवाल्या सेन्सरचं कनेक्टर काढताना माझा हात वायरींच्या जुडग्याला लागला तेव्हा बाबा ओरडले "आला आला, पाच आला", आणि लगेच परत गेला. सेन्सर परत जोडून जुडगं हलवलं तरी तोच खेळ. कूलंटचं तापमान मात्र पूर्ण वेळ बरोबर दिसतंय.

आणि हो, बॅटरी बदलली होती उन्हाळ्यात, घरपोच येऊन बसवून गेला होता एक जण.

वायरिंगवाले_काका
सापडला की मग. कूलंटचा सेन्सर दोन वायरींचा, त्याला बहुतेक गाड्यांत ईसीयूच्या आतून रेझिस्टरमधून वेगळे ५ व्होल्ट मिळतात, म्हणून तो सुखरूप. ईसीयूच्या आत सगळंच बसलं असतं तर तोही बोंबलला असता.

आता बॅटरीचं मायनस काढा, प्लस काढा, बॅटरी बाहेर, ट्रेच्या खाली बघा. नवी बॅटरी घाईत बसवताना क्लॅम्प किंवा ट्रे वायरींच्या जुडग्यावर दाबून बसवतात, रोजचं आहे हे. खात्री करायची तर ईसीयूचं कनेक्टर काढून मीटर ओहमवर ठेवा, रेफरन्सच्या वायरीपासून बॉडीपर्यंत. सेन्सर सगळे काढलेले असताना ओएल (म्हणजे कुठेच जोडलेलं नाही) दाखवायला हवा. दोन-चार ओहम दाखवले तर वायर बॉडीला टेकलीये.

मृणाल_राजेंद्रनगर
काका, अगदी तिथेच!! ट्रेच्या पायाच्या बोल्टखाली जुडगं चेपलं होतं, वरची काळी नळी फाटून दोन वायरींचं प्लॅस्टिक सोललेलं, एकीचं तांबं चकचकीत दिसत होतं आणि समोर ट्रेच्या कडेवर रंग उडून बारीक काळा डाग. ओहम ३ आला, जुडगं उचलून धरलं की ओएल. आता जोडायचं कसं? नुसती टेप गुंडाळून चालेल का? आणि गॅरेजवाल्याने घातलेला मॅप सेन्सर काढून जुना परत लावू का?

वायरिंगवाले_काका
नुसती काळी टेप नको, इंजिनच्या उष्णतेने तिचा चिकट लगदा होतो. तांब्याच्या तारा तुटलेल्या नसतील तर वायरीचं टोक सोडवायचीही गरज नाही, गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) मात्र मोकळ्या टोकाशिवाय वायरीवर सरकत नाही, तेव्हा तारा तुटल्या असतील तर तेवढा तुकडा कापून क्रिंप (दाबून जोड) करा आणि वर श्रिंक घाला, नसतील तर सोललेल्या दोन्ही वायरी वेगवेगळ्या सेल्फ फ्यूजिंग (स्वतःलाच चिकटणाऱ्या) रबर टेपने गुंडाळा. मग सगळ्यावरून हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) कापडी टेप, त्यावर नवी कॉरुगेटेड नळी, आणि मूळ क्लिपमध्ये नीट अडकवा म्हणजे ट्रेपासून लांब राहील. छोटी ग्वालटोलीत सगळं मिळतं, किरकोळ खर्च.

ट्रे बसवायच्या आधी चावी ऑन करून मीटरवर ५ व्होल्ट बघा आणि जुडगं चांगलं हलवून बघा. मग कोड पुसा. बॅटरी काढलीत म्हणून आयडल सुरुवातीला थोडं वरखाली होईल, थोडं चालवलं की बसतं. मॅप सेन्सर नवा आहे तर राहू द्या, जुना डब्यात जपून ठेवा, तो बिघडलेलाच नव्हता.

पळासियाचा_पक्या
ताई, एसी परत गार लागला की इथे कळवा बरं का.

मृणाल_राजेंद्रनगर
लागला. सध्या कोड एकही नाही, स्पीडब्रेकरवरून मुद्दाम दणके देत आले. गॅरेजवाल्याला फोन करून ईसीयूची ऑर्डर रद्द केली, नशीब अजून पाठवली नव्हती त्याने.