बंद केलेलं व्हीएम आपोआप चालू कसं होतं?

प्रश्न: संध्याकाळी कन्सोलवरून व्हीएम (क्लाउडवरचं व्हर्च्युअल मशीन) स्टॉप केलं, सकाळी पाहावं तर रनिंग. स्टार्ट कोणीच दाबलेलं नाही. एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) आहे.

उत्तर १: आधी इन्स्टन्स आयडी (मशीनचा ओळख क्रमांक) ताडून बघा. आयडी बदलला असेल तर ते तुमचं जुनं मशीन नव्हेच. ऑटो स्केलिंग ग्रुप (ठरलेल्या संख्येइतकी मशीन आपोआप चालू ठेवणारी सोय) थांबलेल्या मशीनला आजारी समजतो, ते काढून टाकतो आणि नवं उभं करतो. जुन्या रूट डिस्कवरचा डेटा बहुधा त्याच्यासोबतच जातो. ग्रुपची मिनिमम आणि डिझायर्ड संख्या ० करा, किंवा मशीन स्टँडबायमध्ये (ग्रुप ज्याची तब्येत तपासत नाही अशा स्थितीत) टाकून मगच थांबवा.

उत्तर २: आयडी तोच असेल तर क्लाउडट्रेलच्या (खात्यात कोणी काय केलं याची नोंद ठेवणाऱ्या सेवेच्या) इव्हेंट हिस्टरीत ‘स्टार्टइन्स्टन्सेस’ शोधा. मागचे ९० दिवस दिसतात. त्यात युजर आयडेंटिटी वाचा: माणसाऐवजी एखादा रोल (सेवांना दिलेली परवानग्यांची ओळख) दिसला, तर मशीन बहुधा लॅम्डाने (आपोआप चालणाऱ्या कोडने) किंवा शेड्यूलरने सुरू केलं. क्रॉन (ठरलेल्या वेळी काम चालवणारं वेळापत्रक) बहुतेक वेळा यूटीसीत (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) असतो, म्हणून वेळ ‘भलतीच’ वाटते.

उत्तर ३: व्हीएमऐवजी आरडीएस (एडब्ल्यूएस स्वतः सांभाळतं ती डेटाबेस सेवा) डेटाबेस असेल तर शोधाशोध नको. थांबवलेला डेटाबेस ७ दिवसांनी स्वतःहून सुरू होतो, तसा नियमच आहे. जास्त दिवस नको असेल तर स्नॅपशॉट (त्या क्षणाची साठवलेली प्रत) घेऊन डिलीट करा.