लिफ्ट परत बिघडली, गुरुवारी आईला खाली न्यायचंय – मदत हवी आहे

वैतागलेली_जाई
आमच्या इमारतीची लिफ्ट परत बिघडली आहे. कमिटीला फोन केले, ग्रुपवर लिहिलं, तर सेक्रेटरी म्हणतात "चालू आहे की". गुरुवारी आईला न्यायचंच आहे, पुढे ढकलता येत नाही. तक्रार नक्की कुठे करतात? लवकर सांगा. "धीर धरा" वगैरे नको.

खटपट्या
बिघडली आहे की चालू आहे? कितवा मजला? आई चालतात का? न्यायचंय कुठे?

निवांत
जिना सगळ्यात उत्तम. माझे काका ऐंशीचे आहेत, रोज जिन्यानेच जातात. गुडघे ठणठणीत. लिफ्टने माणसं आळशी झाली.

वैतागलेली_जाई
निवांत, आई व्हीलचेअरवर आहे आणि डायलिसिसला न्यायचंय. पाचवा मजला. काकांना नमस्कार सांगा.
खटपट्या, लिफ्ट वरखाली करते, पण मजल्याला लागत नाही, खालीच थांबते. चालत्या माणसाने पाय उचलला की तो बाहेर. खुर्चीची पुढची बारकी चाकं मात्र कडेला अडकतात, आई पुढे कलंडते. हाच बिघाड.

खटपट्या
अहो, हे आधी नाही का लिहायचं!

ग्रीस_आणि_पाना
लिफ्टच्या कामात आयुष्य गेलं म्हणून विचारतो. किती खाली थांबते? एकाच मजल्यावर की सगळीकडे? वर जाताना आणि खाली येताना सारखंच होतं का? रिकामी असताना बरोबर थांबते का?
एकाच मजल्यावर असेल तर तिथला मजला ओळखणारा मॅग्नेट किंवा सेन्सर सरकलेला असतो, किरकोळ काम आहे. ज्या दिशेने चालली आहे त्याच दिशेला सगळीकडे पुढे जाऊन थांबत असेल तर ब्रेकचं लायनिंग (घासून धरणारी पट्टी) झिजलंय. ते तसंच चालवू नये. जुन्या दोन वेगांच्या मोटरवर तर वजनाप्रमाणे थांबण्यात फरक पडतो.

शंकेखोर
पण दोर तुटला तर काय होतं? मला कायम भीती वाटते.

ग्रीस_आणि_पाना
दोर एक नसतो, बरेच असतात. तीन किंवा जास्त दोर असले तर मानकाप्रमाणे लागते त्याच्या बारापट ताकद धरतात. शिवाय वेग वाढला की सेफ्टी गिअर, म्हणजे केबिनचा आपत्कालीन ब्रेक, गाइडला (केबिन ज्यावरून सरकते त्या रुळांना) घट्ट धरतं. लिफ्ट बनवणारे एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कला दोर कापायला लावून, दोर तुटला की केबिन धरणारा ब्रेक लोकांना दाखवला होता. पण धागा त्याचा नाही. जाई, मोजलंत का?

वैतागलेली_जाई
साधारण दोन इंच. खाली येतानाच होतं, सगळ्या मजल्यांवर.

ग्रीस_आणि_पाना
मग ब्रेक बघायला सांगा. ईएन ८१-२० या युरोपीय मानकात थांबण्यातला फरक १० मिमीच्या आत हवा, तुमचा ५० मिमी आहे. तक्रारीत "लिफ्ट बिघडली" लिहूच नका, तिथेच ते "चालू आहे की" म्हणून सुटतात. "५० मिमी पायरी पडते, व्हीलचेअर बाहेर निघत नाही" असं लिहा. पट्टी ठेवून फोटो काढा, तारीख टाका.

जुगाडू
एवढं कशाला? दारात लाकडी फळी टाका, झालं.

ग्रीस_आणि_पाना
फळी दारात असताना केबिन हलली तर? ब्रेकचाच संशय आहे म्हणतोय मी.

जुगाडू
आम्ही टाकायचो, कधी काही झालं नाही.

खटपट्या
उताराचा हिशेब करा जुगाडू. उंचीच्या बारापट लांबी लागते, म्हणजे दोन इंचाला दोन फूट फळी. ती टाकल्यावर केबिनमध्ये खुर्ची मावेल का?

कानोसा
मला दिसत नाही, म्हणून माझंही लिहितो. आमच्याकडे मजला सांगणारा आवाज एक मजला चुकतो. दुसऱ्याच मजल्यावर उतरून परक्या दाराला किल्ली लावून बसतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "बाकी कोणाला त्रास नाही". दरवर्षी तपासणी होते, सर्टिफिकेट लागतं, पण तपासणाऱ्याने डोळे मिटून प्रवास केलेला मला तरी माहीत नाही.

कलम_बहाद्दर
अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा आहे. त्याचं नववं कलम इमारतींत सुगमता हवी असंच सांगतं. सरळ नोटीस पाठवा. कुठे राहता? कायदे जागेगणिक बदलतात.

वैतागलेली_जाई
गाव लिहीत नाही, घरमालक इथे वाचत असतो. आम्ही भाडेकरू आहोत. कमिटी म्हणते मालकाला सांगा, मालक म्हणतो मेंटेनन्स भरतोय, कमिटीला सांगा.

कलम_बहाद्दर
हे तर पहिल्या ओळीत हवं होतं! मग दोघांना एकच पत्र द्या, प्रत लिफ्ट निरीक्षकांना. पोच घ्या.

खटपट्या
पत्राने गुरुवार निघत नाही. जाई, उतरवणं त्यातल्या त्यात जमतं, खरी पंचाईत परतीची. डायलिसिसनंतर बीपी उतरतं, माणूस गळून गेलेलं असतं. जिन्यावरून खाली नेणारी खुर्ची मिळते, पण तसल्या बहुतेक खुर्च्या फक्त उतरायच्याच असतात. वर आणायला धडधाकट माणसं लागतील. ताकदीचा माणूस मागच्या मुठींना, दुसरा पुढे फ्रेमला. पाय ठेवायच्या पट्ट्या नि हात टेकायचे दांडे धरू नका, निसटून हातात येतात. खुर्ची बॅटरीची असेल तर उचलायचा विचारच सोडा. सेंटरला आजच कळवा, वेळ बदलून देतील किंवा माणूस देतील. जिन्याच्या वळणावर मोकळी जागा किती आहे?

निवांत
तळमजल्यावर घर का घेत नाही?

वैतागलेली_जाई
तळमजला रिकामा असता तर इथे रडत बसले असते का?
खुर्ची साधी आहे. वळण पुरेसं आहे, पण तिथे शेजाऱ्यांचं चपलांचं कपाट आहे. ते हलवायला कसं सांगू? आधीच ते बोलत नाहीत.

खटपट्या
त्याला वेगळा धागा काढा. आधी सेंटरला फोन.